अस्वलाला सांगितलं, पळू नका

निवृत्त झालेल्या माणसाच्या हातात मोबाईल देऊ नये. माझ्या मुलानं दिला आणि वर त्यात परदेशी भाषा शिकवणारी एक शिकवणी घालून दिली. "आई, डोकं चालू राहील," असं तो पुण्याहून म्हणाला. माझं डोकं बंद पडलंय असं त्याला का वाटलं, हे मी विचारलं नाही, कारण भांडण झालं असतं. भाषांच्या यादीत स्पॅनिश सगळ्यात वर होती म्हणून मी ती निवडली. याखेरीज माझा स्पेनशी काही संबंध नाही.

आठ महिन्यांत मला "मुलगी सफरचंद खाते", "माझ्या काकांचा घोडा दूध पीत नाही" आणि "ग्रंथालय कुठे आहे" ही वाक्यं न अडखळता म्हणता येऊ लागली. आमच्या मूल गावात ग्रंथालय आहे, पण ते कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे माझ्या विद्येचा उपयोग होत नव्हता. त्यात ती शिकवणी अशी आडमुठी, की वाक्य मोठ्यानं म्हटल्याशिवाय पुढचा धडा उघडायचा नाही. मी ओसरीत बसून काकांच्या घोड्याबद्दल ओरडायची. समोर राइस मिल आहे. तिथं धान वाळवणाऱ्या बायका हातातलं काम थांबवून ऐकायच्या. महिन्याभरात म्याडमला विलायती भाषा येते ही बातमी मिलमधल्या कोंड्यासारखी गावभर उडाली आणि तालुक्यातल्या खेड्यांवर जाऊन बसली.

अशातच जानेवारीच्या शेवटी एक दिवस दुपारी पस्तिशीतली एक बाई दारात आली. तिनं लाखोळीच्या डाळीची पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवली आणि म्हणाली, "म्याडम, वळखलं काय?"

मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. समोरचा विद्यार्थी ओळखू आला नाही असं कुठलाही शिक्षक कबूल करत नाही. "अगं, ओळखलं ना," म्हणून मी हसले आणि आठवू लागले. ती तशीच उभी राहिली, हात दोन्ही बाजूंना सरळ, मान ताठ, नजर समोर. त्या उभं राहण्यावरून मला ती खरंच आठवली आणि माझं हसू थोडं उतरलं.

ती सहावीत होती तेव्हाची गोष्ट. जंगलाच्या कडेच्या एका गावात माझी बदली झालेली. मी वर्ध्याकडची, नवी, तावातावानं शिकवणारी. इंग्रजी क्रियापदं कृतीतून शिकवायची असं मी कुठंसं वाचलं होतं. मुलांना पटांगणात उभं करून मी हुकूम सोडायची. 'जंप' म्हटलं की उडी, 'वॉक' म्हटलं की चालायचं, 'रन' म्हटलं की पळायचं. सगळी मुलं उड्या मारायची, चालायची. पण मी जोरात 'रन' म्हणून ओरडले की ही मुलगी जागच्या जागी खांबासारखी उभी. बाकीची मुलं कुंपणापर्यंत जाऊन परत आली तरी ही उभीच. अर्थ विचारला तर बरोबर सांगायची. मी परत ओरडले, आणखी जोरात. ती आणखी ताठ झाली. मग मला राग आला. माझा राग तेव्हा फार लवकर यायचा, आताही फार उशीर करत नाही. मी तिच्या वहीत लाल शाईनं मोठं शून्य काढलं आणि चार महिने तिला पटांगणातल्या तासाला भिंतीपाशी बसवलं. का उभी राहतेस, हे मात्र एकदाही विचारलं नाही.

तीच मुलगी आता माझ्या घरात डाळ घेऊन आली होती आणि मला म्हणत होती, "मले विलायतीत एक गोष्ट शिकवा."

तिचं काम असं होतं. माझी शाळा होती त्याच गावातल्या समितीनं जंगलाच्या कडेनं तलावापर्यंत पाहुण्यांसाठी पायवाट सुरू केली होती. जिप्सीत बसून वाघ बघून झाला की काही पाहुण्यांना पायी फिरायचं असतं. त्यांच्यापुढे चालायला गाईड लागतो. हिनं गाईडचं प्रशिक्षण घेतलं होतं, पक्षी ओळखायची, पायाचे ठसे ओळखायची. पण समितीच्या अध्यक्षांना बाईमाणूस पुढे चालणार हे काही पचत नव्हतं. ते स्वतः जुने वाटाडे, जंगलात केस पिकलेले. तीन आठवड्यांनी स्पेनमधून चार पाहुणे येणार होते. त्यांना हिनं नीट फिरवून आणलं तर पायवाट कायमची तिची, नाहीतर अध्यक्षांच्या पसंतीच्या एका गड्याची, असं ठरलं होतं.

"अन् नाई जमलं तं?" मी विचारलं. त्यांच्या झाडी बोलीत बोलायची मला सवय लागली होती, आणि ती माझ्या तोंडून ऐकून लोक हसायचे.

"नाई जमलं तं मिरच्या," ती म्हणाली.

मिरच्या म्हणजे तेलंगणात मिरची तोडायला जाणं. आमच्याकडची गावंच्या गावं धान निघालं की पिकअपमध्ये बसून तिकडे जातात, दोन-दोन महिने शेतात पाल ठोकून राहतात. तीही दर वर्षी जायची. पण या वर्षी तिची मुलगी दहावीला होती. परीक्षा मार्चमध्ये, मिरच्याही त्याच वेळी.

"पोरगी एकटी राह्यली तं अभ्यास नाई करत," ती म्हणाली. "मी समोर बसून राह्यली तं करते. मले काई समजत नाई, पन मी बसतो. माह्या बसन्यानं ते वाचते."

 एकतीस वर्षांत मी शिकवण्याबद्दल एवढं शहाणपणाचं वाक्य बोलल्याचं मला आठवत नाही.

अध्यक्षांची अट एकच होती. जंगलात जनावर समोर आलं की पळायचं नाही. पळणाऱ्याच्या मागे जनावर लागतं, न पळणाऱ्याला सहसा सोडून देतं. म्हणून पाहुण्यांपैकी एकही जण पळाला, तर गाईड नापास. इंग्रज पाहुण्यांना काय सांगायचं ते तिला येत होतं, 'डोन्ट रन'. पण या चौघांना इंग्रजी फारसं येत नाही, असा निरोप आला होता. तेवढं एक वाक्य तिला स्पॅनिशमध्ये हवं होतं.

"एवढंच ना?" मी म्हणाले आणि चष्मा लावला. हे 'एवढंच' मला नंतर पाच दिवस पुरलं.

कारण माझ्या शिकवणीतलं कोणीच पळत नव्हतं. मुलगी सफरचंद खायची, काका घोड्यावर नाराज असायचे, पळायची कुणाला गरजच पडली नव्हती. मग मी फोनमध्ये 'रन' टाकून अर्थ मागितला. आता इंग्रजी 'रन' हा शब्द म्हणजे गावातला एखादा पुढारी असतो तसा आहे, प्रत्येक कामात हजर. मी स्वतः मुलांना शिकवलेलं, नळ रन होतो, नाक रन होतं, बस रन होते, दुकान रन होतं, इलेक्शनला माणूस रन होतो. फोननं यादी दिली ती संपेचना. स्पॅनिश लोकांनी हे प्रत्येक काम वेगवेगळ्या शब्दांत वाटून दिलेलं. मी एक-एक शब्द वहीत उतरवून घेतला आणि त्यातला एखादा चुकून नाक वाहण्याचा निघाला तर काय, या काळजीनं दोन रात्री नीट झोपले नाही. अस्वल समोर उभं आणि आमची गाईड पाहुण्यांना सांगतेय, नाक गळू देऊ नका.

शेवटी 'कोर्रेर' हा पायांनी पळण्याचाच शब्द आहे याची मी चार ठिकाणी खात्री केली. मग प्रश्न आला मानाचा. पाहुणे वयस्क आहेत, त्यांना अरे-तुरे कसं करायचं? तिकडेही आपल्यासारखं तू आणि आपण असतं हे शिकवणीनं मला सांगितलं होतं. मी मानाचं रूप शोधलं आणि वाक्य बसवलं, "नो कोर्रा, पोर फावोर." म्हणजे, कृपा करून पळू नये.

पुढे ती दर दोन दिवसांनी एसटीनं यायची आणि आम्ही ओसरीत घोकायचो. समोर धान वाळवणाऱ्या बायकांनाही ते पाठ झालं. त्या मिलमधल्या कोंबड्यांना हुसकावताना म्हणू लागल्या, नो कोर्रा, पोर फावोर. कोंबड्या पळायच्या.

एका अशाच दिवशी मी मनाचा हिय्या करून विचारलं, "तू सहावीत होतीस तेव्हा, मी रन म्हटलं की उभी का राहायचीस?"

ती लाजली. म्हणाली, "म्याडम, आमच्या मायनं शिकवलं होतं. जंगलात कोनी एकदम वरडून भाग म्हनलं, तं भागाचं नाई. पयले उभं राह्याचं, मंग पाह्याचं, मंग काय कराचं ते कराचं. तुमी लय जोरात वरडत होत्या."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलं कुठी?"

मी आत जाऊन चहा ठेवला. दूध उतू जाईपर्यंत मी तिथंच उभी होते. मला फार वाईट वाटलं. शून्य मी तिला दिलं होतं, आणि आज कळत होतं की ते कुणाला द्यायला हवं होतं.

त्याच दिवशी तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या घरची रीत अशी, की वाटेत जनावर भेटलं तर मुकाट्यानं उभं राहायचं नाही, त्याच्याशी बोलायचं. हळू, आदरानं, एखाद्या म्हाताऱ्या पाहुण्याशी बोलावं तसं. बाबा, तू आपल्या वाटेनं जा, आमी आमच्या वाटेनं जातो. जंगल त्याचं, आपण त्याच्या अंगणातून चाललेलो, तेव्हा तोंड फिरवून उभं राहणं बरं दिसत नाही.

"हे पाहुण्यांसमोर करायचं नाही," मी बजावलं. माझ्यातली शिक्षिका मेली नव्हती. "जनावराशी गप्पा नकोत. पाहुण्यांकडे तोंड, आणि स्पष्ट वाक्य."

"हाव म्याडम," ती म्हणाली. मला वर्गातली हो म्हणणारी मुलं ओळखता येतात. या 'हाव'वर मी विश्वास ठेवायला नको होता.

पाहुणे आले त्या दिवशी दुभाषी म्हणून मलाही बोलावलं गेलं. अध्यक्ष म्हणाले, "म्याडम, तुमी आमच्याकडून चाला, दोन शबुद समजून सांगा." मुलानं पाठवलेले पांढरे स्पोर्ट्स शूज मी पहिल्यांदाच घातले, साडी जरा वर खोचली आणि निघाले. पाहुण्यांत दोन जोडपी होती, सगळी साठीच्या पुढची. त्यांतल्या उंच बाई तिकडे शाळेत शिकवत होत्या असं कळलं. मी त्यांना लगेच ग्रंथालय कुठे आहे ते विचारलं. त्यांनी फार गंभीरपणे विचार केला आणि हात पसरून माहीत नाही अशी खूण केली. आमची मैत्री झाली.

निघताना तिनं चौघांना ओळीत उभं केलं आणि हातवारे करत इंग्रजीतून समजावलं. स्पॅनिश वाक्य ती वेळेवर सांगणार होती. मी म्हटलं, आत्ताच सांग. ती म्हणाली, "म्याडम, कामाच्या वक्ती सांगतलं तं ध्यानात राह्यते." आता शिक्षणशास्त्र तिच्याकडून शिकायचं असं मी ठरवलंच होतं.

सकाळ छान होती. सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. ती पुढे, मागे चार पाहुणे, सगळ्यात शेवटी मी. तिनं सुतारपक्षी दाखवला, सांबराची विष्ठा दाखवली, मुंग्यांचं वारूळ दाखवलं. उंच बाई वहीत लिहीत होत्या. तलाव अजून दोनेकशे पावलांवर असेल. वाट कोरड्या नाल्यात उतरते, तिथं बोरीची झुडपं दाट आहेत. बोरं पिकली होती. आणि बोरीखाली, आमच्याकडे पाठ करून, एक मोठं काळं अस्वल बोरं खात बसलं होतं.

ती थांबली. हात मागे करून आम्हाला थांबवलं. अस्वलानं मान वळवली आणि ते हळूहळू पुढचे पाय उचलून उभं राहिलं.

ते उभं राहिल्यावर माणसाएवढं दिसतं हे मी पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकात ते इतकं केसाळ नव्हतं.

मी मनातल्या मनात वाक्य म्हणत होते, परीक्षेला बसलेल्या मुलाची आई म्हणते तसं. नो कोर्रा, पोर फावोर. नो कोर्रा, पोर फावोर. तिनं तोंड उघडलं. पाहुण्यांकडे वळली नाही. अस्वलाकडे बघत, मान किंचित झुकवून, अगदी हळू आणि स्वच्छ आवाजात ती म्हणाली, "नो कोर्रा, पोर फावोर."

मग पाहुण्यांकडे न बघताच म्हणाली, "हालू नका बापा, बाबा आपल्या वाटेनं जाऊन राह्यले."

म्हणजे स्पॅनिश अस्वलाला आणि झाडी बोली स्पेनला.

तीन आठवड्यांची घोकंपट्टी, पण घरची रीत तिच्या हाडात होती. जनावर समोर आलं की पहिला शब्द त्याचा. तोंडात जो सगळ्यात आदराचा शब्द तयार होता, तो तिनं त्याला दिला. पुढे मला कळलं, की मी शोधलेलं ते रूप एका माणसाशी बोलायचं होतं. चार पाहुण्यांसाठी चुकीचं, एका अस्वलासाठी अगदी बरोबर.

अस्वलानं ते ऐकून घेतलं. ते पळालं नाही. मान तिरकी करून आमच्याकडे बघत राहिलं. पाहुणेही पळाले नाहीत. चौघंही खिळ्यानं ठोकल्यासारखे उभे.

पळाले मी.

हे लिहिताना अजूनही माझे कान गरम होतात. एकतीस वर्षं 'रन' शिकवून, तीन आठवडे 'पळू नका' शिकवून, मी वळले आणि नाल्याच्या वाळूतून अशी पळाले, की मागे किंकाळी कुणाची आली हे बघायला थांबले नाही. किंकाळी माझीच होती. तीस-चाळीस पावलांवर एका बोरीच्या झुडपात अडकले आणि तिथंच बसले, म्हणजे काट्यांनी बसवलं. मागे वळून पाहिलं तर अस्वल चार पायांवर येऊन, बोरं अर्धवट टाकून, दुसऱ्या काठावर चढून निघून जात होतं. पळत नव्हतं. ती अजून तिथंच उभी राहून त्याला निरोप देत होती.

सगळे माझ्यापाशी आले. तिनं साडीचा पदर काट्यांतून सोडवला. मी म्हणाले, "माझा पाय घसरला."  उंच बाईंनी माझ्या खांद्यावरचा एक काटा काढून माझ्या हातात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या समाजमंदिरात समितीची बैठक होती. मलाही बोलावणं होतं. पाहुणे पहाटेच निघून गेले होते, पण जाण्याआधी अभिप्रायाच्या वहीत उंच बाईंनी पान भरून स्पॅनिशमध्ये लिहून ठेवलं होतं. ते वाचून दाखवणं माझं काम. समाजमंदिराच्या दारातून चौक दिसत होता. तिथं तेलंगणाचा पिकअप उभा होता. मुकादम सामान चढवत होता. निकाल काय लागेल ते ठाऊक नव्हतं, म्हणून माझ्या विद्यार्थिनीनं सकाळीच आपलं गाठोडं त्यात टाकून ठेवलं होतं, तांदूळ, पातेली, पांघरूण. तिची मुलगी त्या गाठोड्याकडे बघत शाळेला गेली होती.

अध्यक्ष बोलायला उभे राहिले. ते सकाळी स्वतः नाल्यात जाऊन आले होते.

"पाव्हण्यांतून कोनीतरी भागलं," ते म्हणाले. "वाळूत सारं लिवून हाय. टाच टेकलीच नाई, नुसता पंजा. अन् बुटाचे ठसे हायत, जाळीजाळीचे, विलायती. मी चाळीस वर्सं हेच वाचत आलो. काऊन बाई, भागलं का नाई कोनी?"

ती गप्प उभी राहिली, हात दोन्ही बाजूंना सरळ. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सांगायचं म्हटलं तर एका वाक्यात सांगता आलं असतं, पण म्याडमचं नाव घ्यायचं कसं? ती वर्गातही अशीच शून्य घेऊन बसली होती.

अध्यक्ष म्हणाले, "अट तं अट हाय."

माझ्या पायातले बूट मी तोवर खुर्चीखाली सरकवत होते. चाळीस वर्षं ठसे वाचणाऱ्या माणसापासून बूट लपवणं फार वेळ चालणारं नव्हतं, पण खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. या गावात मी बाई होते, म्याडम होते, लोक मला वाट द्यायचे. अस्वल बघून किंचाळत पळालेली म्हातारी म्हणून इथं ओळखलं जावं असं मला वाटत नव्हतं. घसरल्याची गोष्ट मी रात्रीतून तीन जणांना सांगितली होती आणि ती चांगली वठली होती.

"म्याडम, पाव्हण्याईनं काय लिवलं ते वाचा," अध्यक्ष म्हणाले.

मी वही घेतली. फोन काढला, अडले तिथं विचारत गेले. पहिल्या ओळी सोप्या होत्या, झाडं सुंदर, चहा गोड. मग ती ओळ आली. मी ती मनात दोनदा वाचली. गाळली असती तर कुणालाही कळलं नसतं, त्या सगळ्या खोलीत स्पॅनिश येणारी मी एकटी. चौकात पिकअपवाल्यानं इंजिन सुरू केलं.

मी उभी राहिले आणि शब्दाला शब्द भाषांतर केलं. आयुष्यात इतकं प्रामाणिक भाषांतर मी दुसरं केलेलं नाही.

"आम्हाला पळून जावंसं वाटलं होतं," मी वाचलं. "पण आमच्या गाईडबाईंनी अस्वलाला पळू नका अशी इतक्या आदरानं विनंती केली, की अस्वलानं ऐकलं. अस्वल पळालं नाही, मग आम्हालाही पळायची लाज वाटली. आम्ही कुठल्याही जंगलात या बाईंच्या मागे जाऊ. फक्त इंग्रजीच्या शिक्षिका पळाल्या. त्यांच्या वयाच्या मानानं त्या फारच उत्तम पळाल्या."

 मग मागे बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी खुर्ची करकरवली, आणि सगळी समिती हसायला लागली. मी पाय पुढे करून बूट दाखवले. अध्यक्ष वाकले, डोळे बारीक करून तळव्यांची जाळी पाहिली, आणि बराच वेळ पाहिल्यावर मान हलवली.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "हेच ते बूट."

"मग अट?" मी विचारलं.

ते विचारात पडले. त्यांना अशी हार आवडली नव्हती, पण माणूस न्यायाचा होता. "अट पाव्हण्याईची होती," ते म्हणाले. "म्याडम पाव्हण्या नाई. म्याडम आपल्या हायत. घरच्या मानसाच्या भागन्याचा दोस गाईडले देता नाई येत. पायवाट बाईची."

त्या क्षणी दोन गोष्टी एकदम झाल्या. एक म्हणजे त्यांनी मला घरचं माणूस म्हटलं. आणि दुसरी, बाहेर पिकअपनं लांब हॉर्न दिला.

ती अजून समजून न समजल्यासारखी उभी होती. मुकादम मागचं फळकूट लावत होता. तिचं गाठोडं फळकुटाच्या आत होतं. गाडी हलली.

मी दारात गेले आणि पटांगणात ओरडायची तसं, सगळा जीव आवाजात आणून ओरडले, "रन."

ती आधी उभीच राहिली. ताठ. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग चौकाकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं. मग पळाली.

चपला तिथंच सोडून, पदर कमरेला खोचून, कोंबड्या उडवत ती पळाली. पिकअप वळणावर हळू झाला तेव्हा तिनं फळकुटावर हात आपटला. गाठोडं खाली आलं. मुकादम काहीतरी बडबडला, तीही बडबडली. परत येताना मात्र ती सावकाश चालत आली, गाठोडं डोक्यावर, दम लागलेला. समाजमंदिराच्या पायरीवर तिनं ते ठेवलं आणि बसली. मी तिच्या चपला आणून समोर ठेवल्या आणि तिच्या शेजारी बसले.

चपलांत पाय घालत ती म्हणाली, "आता तं बरोबर आलं न, म्याडम?"

"तेव्हाही बरोबरच होतं," मी म्हणाले.